साठ टक्के

कॉलेज रोडवरच्या आमच्या स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ एडिट होतात. त्या मंगळवारी मात्र मालक बाळाजीसरांनी मला चाळीस सेकंदांचं सीसीटीव्ही फुटेज दिलं. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमधलं. आठवड्यापूर्वी तिथं सरकत्या पट्ट्यात हात सापडून कुसाबाई नावाची कामगार बेशुद्ध पडली होती. पट्टा बेफाम पळवला होता, अशी तक्रार होती. पॅकहाउसवाल्यांना व्हिडिओत तो सावकाश दिसायला हवा होता. कोपऱ्यातली वेळही झाकायची होती.

सकाळीच कुसाबाईंची मुलगी हर्षाली येऊन गेली होती. फुटेजला हात लावू नका, एवढंच तिचं म्हणणं. असलं काही आमच्याकडे आलेलंच नाही, असं सांगून सरांनी तिला दारातूनच परतवून लावलं. जिन्यात तिनं मला नंबर लिहून दिला.

हा पुरावा आहे, मी सरांना म्हटलं.

"यशश्री, आपण फक्त एडिटिंग करतो."

माझे कान तापले. तरी मी जाऊन खुर्चीत बसलेच. आज सरांपेक्षा त्याचाच जास्त राग येतो.

स्पीडच्या चौकटीत शंभरच्या जागी साठ टाकलं. क्लिप सदुसष्ट सेकंदांची झाली. पट्टा मंदावला. शेजारच्या बायका पाण्यात असल्यासारख्या हलू लागल्या. कुसाबाईंचे हात मात्र होते तसेच भराभर चालत होते. घड उचलायचा, सडका मणी खुडायचा, खोक्यात ठेवायचा.

एका क्लिपमध्ये दोन वेग असू शकत नाहीत. वर दुसऱ्या व्हिडिओचा लेयर नव्हता. फाइल पुन्हा घेतली. तेच. मग वेग पंचवीसवर आणला. पट्टा जेमतेम सरकत होता आणि कुसाबाई अजून समोर न आलेले घड रिकाम्या जागेतून उचलत होत्या.

मी सरांना बोलावलं. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

मी स्पेसबार दाबला. पट्टा थांबला. बायका थांबल्या. सेकंदांचे आकडे थांबले.

हात चालूच होते.

सरांनी मॉनिटर बंद केला आणि ते बाहेर गेले. मला भीती वाटत होती, पण लाज त्याहून जास्त वाटत होती. साडेतीन वाजता मूळ फुटेज, जसंच्या तसं, मी हर्षालीला पाठवून दिलं. पर्स उचलली आणि निघाले. पुन्हा त्या स्टुडिओत गेले नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला. फुटेज वकिलाला दिलं, म्हणाली. आई अजून शुद्धीवर नाही, पण दुपारी चादरीखाली तिचे हात हलत होते, माल भरताना हलतात तसे. साडेतीनला थांबले.

शुद्ध येत असेल, मी म्हटलं.

"तसं नाय ताई. चादर दोन्हीकडून हलत होती," हर्षाली हळूच म्हणाली. "उजवा हात तर तिचा पहिल्याच दिवशी काढला हाय."