उघडा फासा

मारेनच्या कोटाच्या फाटक्या खिशातून वीस बाजूंचा फासा निसटला आणि ओ क्लेअर गावाच्या बर्फाळ फुटपाथवर घरंगळत थेट एका तरुणाच्या बुटापाशी थांबला. तो वाकला. पण उचलण्याआधी त्यानं आकडा वाचला.

"सात."

"तो... मोजायचा नसतो. चुकून पडलाय."

"आमच्याकडे पडला की मोजतात," असं म्हणून तो हसला. नुकत्याच डुलूथ शहरातून इथे राहायला आलेल्या मारेनला पहिल्यांदाच वाटलं, की हे गाव काही अगदीच वाईट नाही.

त्याचं नाव एल्डन. दर रविवारी दुपारी चर्चच्या तळघरात तो खेळ चालवायचा. गोष्ट त्यानं सांगायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं, आणि कुणाचा वार बसला, कुणाचा हुकला ते फाशानं ठरवायचं. मारेन डुलूथला वर्षानुवर्षं हेच खेळत आली होती. निदान तिची तशी समजूत होती.

पहिल्याच रविवारी तिची फजिती झाली. गोष्टीत दरोडेखोर समोर येताच ती उठून उभी राहिली आणि आपल्या इल्काच्या, म्हणजे गाण्यातून जादू करणाऱ्या तिच्या लाडक्या पात्राच्या आवाजात, त्यांना त्यांच्या आयांची आठवण करून देऊ लागली. डुलूथला अशा वेळी टाळ्या पडायच्या. इथे प्लंबर लेनर्डनं चीजचा तुकडा तोंडात टाकत विचारलं, "छान बोलतेस पोरी, पण मारतेस की नाही?"

त्या संध्याकाळी एल्डन तिला बसपर्यंत सोडायला आला.

"तुमच्याकडे खेळात म्हणे कुणी मरतच नाही?"

"आणि तुमच्याकडे कुणी बोलतच नाही!"

तो लाजला आणि तिला ते फार आवडलं. पण त्याचा प्रश्न तिच्या मनातून जाईना. डुलूथला गोष्ट सांगणारा फासे पुठ्ठ्याआड टाकी, आकडा कुणाला दिसत नसे, आणि इल्का दरवेळी कशीबशी वाचे. इथे फासा टेबलाच्या मधोमध, सगळ्यांदेखत पडायचा. मेला तो मेला, त्या पात्राची माहिती लिहिलेला कागद तिथल्या तिथे फाडायचा. इल्का आजवर खरंच जिंकली होती, की दर वेळी कुणीतरी तिला जिंकवलं होतं? मारेनला ते छळू लागलं.

आणि मग एका रविवारी खेळात तो बर्फाचा पूल आला. इल्काचे सोबती रक्तबंबाळ होऊन कसेबसे पलीकडे पोचले होते, मागून ड्रॅगन येत होता, आणि इल्का एकटी पुलाच्या मधोमध उभी होती.

"इल्का पळत नाही," मारेन म्हणाली. "ती गाते. पूल कोसळेपर्यंत."

एल्डन फासा तिच्याकडे सरकवत म्हणाला, "पंधरा किंवा वर लागतील. पण मारेन, पूल पडला तर... म्हणजे खाली इल्काला वाचवणारी एखादी कपार असू शकते."

सगळ्यांनी चमकून माना वर केल्या. एल्डनच्या तोंडून असलं काही कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"मघाशी होती ती कपार?"

"...नव्हती."

"मग नाहीच."

तिनं फासा टाकला. अठरा!

मारेन उभी राहिली. "गाणं अर्धंच झालंय," ती इल्काच्या आवाजात म्हणाली, "उरलेलं तुम्ही म्हणा." आणि त्या मुक्या टेबलावर लेनर्डनं आपल्या भसाड्या आवाजात सूर लावला. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. पूल गेला, ड्रॅगन गेला, इल्का गेली. लेनर्ड तर उघडउघड रडत होता आणि टेबल बडवत होता.

एल्डनचा हात काही कागद फाडायला धजेना. तो मारेननंच फाडला. तिचे डोळे भरले होते, पण इतकं छान तिला कधी वाटलं नव्हतं.

"आज पहिल्यांदाच मला खोटं बोलावंसं वाटलं," बाकीचे पांगल्यावर तो हळूच म्हणाला.

"का?"

"इल्का गेली की तूही यायची बंद होशील... म्हणून. मला तू हवी आहेस, मारेन."

"डुलूथला सगळ्यांनी मला जपलं," तिनं त्याचा हात धरला. "तू मला खरोखरचं जिंकू दिलंस. आता मी कुठे जाते? रविवारी नवं पात्र घेऊन येईन."

"रविवार फार लांब आहे."

"मग उद्या ये. खेळायला नको, जेवायला."

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि कुठलाही फासा न टाकता हो म्हणून टाकलं.