एकशे सात ते एकशे एक

यंत्र कधीही खोटं बोलत नाही. हे वाक्य मी बावीस वर्षं गिऱ्हाइकांना गंभीर चेहऱ्याने सांगत आलोय, आणि ते सांगताना बहुतेक वेळा मीच खोटं बोलत असतो. मंचरजवळच्या कळंबला माझं दुकान आहे. ऑफिसांत इंटरकॉमच्या पेट्या बसवायच्या, बिघडल्या की दुरुस्त करायच्या आणि दुरुस्त झाल्या नाहीत की कंपनीला शिव्या घालायच्या, एवढाच माझा व्याप.

जुन्नरच्या अलीकडे, उसाच्या पट्ट्यात, द्राक्षांचं एक कोल्ड स्टोरेज आहे. तिथले मॅनेजर रुपेशसाहेब. मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी त्यांचा फोन आला. पेटीत नवीन फर्मवेअर टाकायचं होतं. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या पोटातली मूळ आज्ञावली. ती नसेल तर पेटी म्हणजे नुसता डबा.

"जुनं चालत नाही का?" मी विचारलं.

"चालतंय की. पण नवीन टाकल्यावर आतलं जुनं सगळं उडतं ना?"

"उडतं."

"मग टाका ना राव."

फोनच्या पेटीबद्दल कुणी एवढा उत्साह दाखवला की मी सावध होतो. पण सावध होणं आणि नाही म्हणणं यात बरंच अंतर असतं. मी मोटरसायकल काढली.

ऑफिस नवं, समोरून सगळं काचेचं. दाराला चुंबकाचं कुलूप. बाहेरच्याने बेल मारायची किंवा फोन करायचा, आतल्याने फोनवर आकडा दाबायचा, मग पेटी टक् करून दार सोडणार. दारापासून वीस पावलांवर वॉचमनची पत्र्याची केबिन. केबिनला दार नाही. केबिनमागे तारेचं कुंपण आणि कुंपणाला लागून ऊस. या भागात उसात बिबट्याच्या माद्या पिल्लं घालतात, हे बालवाडीतल्या पोराला माहीत आहे. केबिनची जागा ठरवणाऱ्याला नसावं.

रिसेप्शनला तेजस्विनी नावाची मुलगी होती. समोरच्या बाकावर एक बाई बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर कापडी पिशवी.

"द्रौपदाबाई," तेजस्विनी हळू आवाजात म्हणाली. "आमच्या भागुजीमामांची बायको. आहुप्याच्या. मामा रात्रपाळीला वॉचमन होते. महिन्यापूर्वी केबिनपाशी बिबट्यानं... साहेबांनी अहवालात लिहिलंय, दारू पिऊन उसात गेला म्हणून. ते खोडा म्हणतात. रोज येऊन बसतात."

"प्यायचे का?"

"चहा प्यायचे. तोही 'घेऊ का' विचारून."

बाईंना ऐकू गेलं असावं. "त्यांनी फोन केला असनार," त्या म्हणाल्या. "साहेब त्या रातीला हितंच झोपला व्हता. एकशे एक नंबर. मला तोंडपाठ करून दिला व्हता."

"मग काच फोडून आत का नाही आले?" मी विचारलं. प्रश्न मूर्खपणाचा नव्हता, निदान मला तसं वाटलं.

"आमच्याकडं देवाच्या राईत बी इचारल्याबिगर पाय टाकीत न्हाईत, भाऊ. येऊ का म्हनायचं, थांबायचं, मंग जायचं. उभ्या जल्मात कुनाच्या दारात ते तसे शिरले न्हाईत. काच काय फोडत्यात?"

पेटी रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर होती. लॅपटॉप जोडून मी कॉलच्या नोंदी उघडल्या. महिन्यापूर्वीची तारीख. एकशे सात ते एकशे एक. एकशे सात म्हणजे केबिन. पहिला फोन रात्री दोन चौदाला. एकोणीस सेकंद वाजला. मग एकशे एकवरून 'त्रास देऊ नका'चं बटण दाबलं गेलं. त्यानंतरचे वाजलेच नाहीत. शेवटचा दोन एकेचाळीसला.

"नऊ," मी नकळत मोठ्याने म्हणालो.

बाकावरची पिशवी हलली.

रुपेशसाहेब माझ्या मागे उभे होते. अत्तराचा वास येत होता. "परवा चौकशीला माणूस येणार आहे," ते माझ्या कानाशी म्हणाले. "त्याच्या आत पेटी कोरी पाहिजे."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "आधी मूळ स्थितीला नेऊन बघतो."

सगळं गेलं. नावं, नंबर, पासवर्ड. नऊ ओळी तेवढ्या राहिल्या.

म्हणून नवीन फर्मवेअर चढवलं. त्रेसष्ट टक्क्यांवर थांबलं, आणि पेटी पुन्हा जुन्या फर्मवेअरवर आली. केबल बदलली. फाइल पुन्हा उतरवून घेतली. बॅटरीवर लावून पाहिलं. त्रेसष्ट. दर वेळी प्लग काढायचा, दहापर्यंत मोजायचं, पुन्हा लावायचा. अकरा वेळा काढला असेल. अकरावा प्रयत्न फसला तेव्हा नोंदींत एक ओळ वाढली होती. आजची तारीख, दुपारचे बारा पाच. एकशे सात ते एकशे एक.

मी पेटीचं झाकण उघडलं. एकशे सातच्या वायरची जागा रिकामी होती.

"ती वायर मीच उपटायला लावली," रुपेशसाहेब म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी."

"आत ओल असते," मी म्हणालो. हे वाक्य मी पावसाळ्यात वापरतो. मार्चमध्ये त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

बाराव्यांदा फर्मवेअर चढवायला लावलं, तेवढ्यात साहेबांच्या टेबलावरचा फोन वाजला. त्यावरचा नंबर तेजस्विनीने मोठ्याने वाचला. "एकशे सात."

"कोण चेष्टा करतंय तिथं?" साहेब ओरडले. मोबाइल चार्जरलाच ठेवून तरातरा बाहेर गेले. दार त्यांच्या मागे बसलं. टक्.

ते केबिनपर्यंत गेले, आत डोकावले. आत कुणी नव्हतं. परत येऊन त्यांनी बेल मारली.

तेजस्विनीने आकडा दाबला. दार उघडलं नाही. भिंतीवरचं बटण दाबलं. नाही. मी लॅपटॉपकडे पाहिलं. त्रेसष्ट टक्के. या वेळी मात्र पेटी जुन्यावरही येत नव्हती. नुसती थांबली होती.

साहेबांनी काचेवर थाप मारली. काच चांगल्या प्रतीची होती, आवाज आत फारसा आला नाही.

मग त्यांनी मागे वळून पाहिलं.

ऊस हलत होता. सगळा नाही. एका रेषेत, कुंपणाकडे. वारा नव्हता, गेटवरचा झेंडा खांबाला चिकटून होता.

साहेब केबिनमध्ये शिरले. तिथला जुना फोन त्यांनी उचलला आणि आकडे दाबले. फोनची तुटकी वायर केबिनबाहेर हातभर लोंबत होती. मला ती इथून स्वच्छ दिसत होती.

लॅपटॉपवर नवीन ओळ आली. एकशे सात ते एकशे एक.

टेबलावरचा फोन वाजला नाही. त्यावर 'त्रास देऊ नका'चा लाल दिवा लागला होता. टेबलाजवळ कुणीच गेलं नव्हतं.

"सर, प्लग काढा ना!" तेजस्विनी म्हणाली. "लाइट गेली की दार सुटतं!"

बरोबर होतं. मी प्लगवर हात ठेवला.

"किती फोन झालं?" द्रौपदाबाईंनी बाकावरूनच विचारलं.

"तीन."

"ऱ्हाऊ द्या."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या काचेकडेही बघत नव्हत्या. पिशवीचे बंद सारखे करत होत्या.

"नऊ व्हऊ द्या," त्या म्हणाल्या.

अपग्रेड चालू असताना वीज काढू नये, असं पेटीच्या माहितीपुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे. मी आजवर कुठल्याही माहितीपुस्तकाचा एवढा मान राखला नव्हता. हात प्लगवरच राहिला.

तेजस्विनी रडू लागली. पण तीही प्लगकडे आली नाही.

पाच.

ऊस कुंपणापाशी येऊन थांबला. साहेब केबिनच्या कोपऱ्यात बसले. फोन कानाला, तोंड हलत होतं.

सात.

कुंपणाची तार एकदा वाकली आणि सरळ झाली.

आठ.

घड्याळ मी मुद्दाम पाहिलं. साहेबांच्या पहिल्या फोनपासून सत्तावीस मिनिटं झाली तेव्हा नववी ओळ आली.

टक्.

दार सुटलं. बाहेरची गरम हवा आत आली, तिला ओल्या उसाचा वास होता. साहेब धावत दारापर्यंत आले आणि उंबऱ्यावर थांबले. दार सताड उघडं होतं. पँट ओली होती. ते आत येत नव्हते.

"येऊ का?" त्यांनी विचारलं.

आवाज त्यांचा नव्हता असं तेजस्विनी अजून म्हणते.

द्रौपदाबाई उठल्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढला, घरधनी समोर आल्यावर ओढतात तसा.

"या," त्या म्हणाल्या.

साहेबांनी आत येऊन अहवालाची फाइल मागितली. दारूची ओळ खोडली. 'मला पहिला फोन ऐकू आला होता, मी बटण दाबून झोपलो,' असं लिहून खाली सही केली. सही करायच्या आधी पेन कुणाला तरी दिसेल असं वर धरलं, आणि थांबले. समोर कुणी नव्हतं. मग सही केली.

द्रौपदाबाईंनी कागदाची झेरॉक्स घेतली, पिशवीत ठेवली आणि आहुप्याच्या एसटीची वेळ विचारली.

फर्मवेअर शंभर टक्के चढलं होतं. नोंदींत वीस ओळी होत्या: त्या रात्रीच्या नऊ, साहेबांच्या नऊ आणि मधल्या दोन. गुरुवारी चौकशीच्या माणसाने त्या सगळ्या उतरवून घेतल्या. रुपेशसाहेब त्या दिवशी आले नाहीत, नंतरही नाहीत. मंचरला त्यांच्या घरी असतात. बायकोने दारं काढून पडदे लावलेत म्हणे. पडद्याशीही ते थांबतात.

घरी आल्यावर मी माहितीपुस्तक काढलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच वाचलं. पान एकतीसवर ठळक ओळ आहे: अपग्रेड चालू असताना वीज बंद करू नये. तिच्याखाली बारीक अक्षरांत दुसरी आहे: या मॉडेलमध्ये कॉलच्या नोंदी कायम साठवण्याची सोय नाही, प्लग काढला की त्या पुसल्या जातात.