पुढची गाडी

त्या सकाळी कासारवाडीच्या फलाटावर नीलाने घाईत दुसऱ्याचीच पिशवी उचलली. कंपनीत डबा उघडला, तर आत तूप लावलेल्या घडीच्या पोळ्या आणि भोपळ्याची भाजी!

संध्याकाळी तिची पिशवी घेऊन एक चष्मेवाला पिंपरीच्या फलाटावर उभा होता.

"तुमचा डबा... मी खाल्ला," तो ओशाळून म्हणाला.

"अगंबाई! त्यात बोंबलाची चटणी होती."

"म्हणून तर पुसून खाल्ला!"

ती खुदकन हसली.

तो मुकुंद आठल्ये, चिंचवडच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. ती पिंपरीला औषधांच्या पॅकिंगमध्ये. मग रोज संध्याकाळी तो पिंपरीला उतरायचा. समोरून गाडी सुटायची, तरी दोघं बाकावरच.

"पुढची?" तो विचारायचा.

"पुढचीच," ती पदराशी चाळा करत म्हणायची.

एकदा तो एकदम म्हणाला, "लग्न करशील माझ्याशी?"

नीलाचे कान तापले. "आम्ही बौद्ध. तुमच्या घरी चालेल?"

"मी उद्या बोहल्यावर उभा राहीन! बघ, तुझे बाबाच नाही म्हणतील."

तिने घरी सांगून टाकलं. तिच्या वडिलांनी, फाउंड्रीत राबणाऱ्या भीमराजांनी, पाय धुता धुता विचारलं,

"माणूस कसा हाय?"

"चांगला हाय, बाबा."

दुसऱ्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून स्टेशनवर आले. नीलाने मुकुंदला मुद्दाम कळवलं नव्हतं. त्याचा आनंदलेला चेहरा तिला बघायचा होता.

"जय भीम," भीमराजांनी हात जोडले. "मी नीलाचा बाप. आमची ना न्हाई."

मुकुंदचा चेहरा पांढराफटक पडला.

"काका... तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. आम्ही एका गाडीने जातो... इतकंच."

'लग्न करशील?' म्हणणारा हाच तो आवाज? नीला बघतच राहिली. भीमराजांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. "चल पोरी," एवढंच म्हणाले.

वाटेत ती कशीबशी बोलली, "बाबा, मी खोटं न्हाई बोलले."

"ठाव हाय मला."

रविवारी दुपारी ती दारात धुणं वाळत घालत होती, तर समोर मुकुंद! तो तिच्याकडे न बघता थेट आत भीमराजांपुढे जाऊन उभा राहिला.

"त्या दिवशी मी खोटं बोललो. तुम्ही हो म्हणाल असं वाटलंच नव्हतं... घाबरलो. माझं नीलावर प्रेम आहे."

"घरी सांगितलंत?"

"...अजून नाही."

"मग आधी तिकडं सांगा. चहा घेऊन जा."

ओला पिळा नीलाच्या हातातच राहिला. म्हणजे बाबांच्या नकारावर विसंबून हा इतके दिवस प्रेम करत होता? तरी आज आला... एकटा आला.

चहा संपवून तो बाहेर आला. "नीला, वाट बघशील?"

'नाही' म्हणायचं तिने पक्कं ठरवलं होतं.

"जा... आणि लवकर या," ती म्हणाली, आणि आपलेच शब्द ऐकून थक्क होऊन उभी राहिली.