दवबिंदूचे पहिले सात घास

साताऱ्यात हल्ली कुणाच्या घरी समाचाराला गेलं, की माणसं चपला काढून आधी खिडकीपाशी जातात. पूर्वी भिंतीवर हार घातलेला फोटो असायचा, त्याला हात जोडायचे आणि मग सतरंजीवर टेकायचं. आता खिडकीत पाण्याचं पसरट ताट असतं, ताटात लहानशी कुंडी आणि कुंडीत नाण्याएवढी तांबूस रोपं. पाहुणे वाकतात, डोळे मिटतात, एक लांब श्वास घेतात. कुणी रडतं, कुणी चक्क हसतं. शनिवार पेठेतल्या एका सूनबाईंनी म्हणे श्वास घेतला आणि हातातला फोन पटकन पाठीमागे लपवला. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं, तरीही.

ही रोपं दवबिंदूची. कासच्या पठारावर पावसाळ्यात ओल्या कातळावर ती आपोआप उगवतात. पानांवर बारीक तांबडे केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, म्हणून दवबिंदू. किडा थेंबावर बसला की बसला. पान हळूहळू वळतं, त्याला धरून ठेवतं आणि पचवून टाकतं. कातळावरच्या निकस मातीत खायला काही मिळत नाही, मग झाड तरी काय करणार बिचारं?

कासच्या रस्त्यावर डॉ. तनुजा सरनोबत यांची रोपवाटिका आहे. त्यांनी या रोपाच्या गुणसूत्रांत थोडी ढवळाढवळ केली आणि त्यातून निघालेल्या जातीला ‘गंधधारी’ असं नाव दिलं. माणसाच्या अंगावरून रोज कातडीचे बारीक कण झडत असतात. घरातल्या ज्या धुळीला आपण नाकं मुरडतो, तिच्यात थोडेफार आपणही असतो. गंधधारी दवबिंदूला ही धूळ चारली, की तो ती पचवताना तिच्यातला त्या माणसाचा अंगगंध ओळखतो आणि तोच गंध आपल्या थेंबांत तयार करू लागतो, शंभरपट दाट. मेख एकच. रोप कोवळं असताना दिलेल्या पहिल्या सात घासांत ते जो वास शिकतं तोच जन्मभर धरून ठेवतं. याला सरनोबतबाई ‘गंधबंध’ म्हणतात. आठव्या घासापासून पुढे दिलेलं नुसतं अन्न, पण तेही त्याच माणसाचं लागतं, नाहीतर थेंब सुकतात.

शर्वरी बोधे त्यांच्याकडे बी मागायला आली, ती मात्र आठवणीसाठी नव्हे. तिला वडलांना जेवायला घालायचं होतं.

तिचे वडील, हेमंत बोधे, जन्मभर वीजमंडळात नोकरी केलेला खणखणीत माणूस. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि चेहरे ओळखणारा, आवाज ओळखणारा भाग तेवढा गेला. बोलणं शाबूत, चालणं शाबूत, रीतभात तर कांकणभर जास्तच. पण समोर येईल तो माणूस त्यांना परका. आणि परक्याच्या घरी जेवायचं नाही, हे त्यांच्या हाडीमांशी भिनलेलं. ताट पुढे केलं की ते हात जोडून म्हणायचे, “नको हो, आत्ताच जेवून आलो.” घरच्या पोळ्या घरच्याच ताटात पडून गार व्हायच्या.

मेधा, म्हणजे शर्वरीची आई, होती तोवर चाललं. ती जवळ बसली की ते तिला वासाने ओळखत. नाकाकडून आठवणीकडे जाणारी वाट मेंदूत फार जवळची असते आणि ती गाठीतून वाचली होती. शिवाय चाळीस वर्षांचा शेजार. ती दवाखान्यात होती तेव्हाही ते तिच्या खाटेपाशी बसून जेवत. मेधा गेली आणि त्यांचं जेवण थांबलं. आईच्या आजारपणातच पुण्याच्या नोकरीतून रजा घेऊन आलेली शर्वरी त्यांना चिकटून बसू लागली, पण वीस वर्षं बाहेर राहिलेल्या, दोनदा साबण लावून अंघोळ करणाऱ्या मुलीचा वास त्यांच्या नाकापर्यंत पोचेना. नळी घातली तर ते उपटून काढत. पहाटे झोपेच्या गुंगीत चार चमचे पेज जायची, तेवढ्यावर माणूस तगून होता. सत्तर किलोंचे बाबा पन्नासवर आले. मनगटावरून घड्याळ निसटून पडू लागलं तेव्हा शर्वरीने कासचा रस्ता धरला.

सरनोबतबाईंनी तिला कागदाच्या पुडीत बी दिलं. खसखशीहून बारीक, काळं, शिंकलं तर उडून जाईल असं. वाळू आणि शेवाळ यांच्या मिश्रणावर ते नुसतं भुरभुरायचं, मातीखाली गाडायचं नाही, कारण उजेड लागल्याशिवाय ते उगवत नाही. नळाचं पाणी बिलकूल नको, त्यातल्या क्षारांनी रोप मरतं. पावसाचं पाणी ताटात भरून ठेवायचं आणि वरून काच ठेवायची. शर्वरीने सगळं पोथी वाचावी तसं केलं. बाराव्या दिवशी भिंगातून बघितलं तर हिरवे ठिपके दिसले. तिसऱ्या आठवड्यात टाचणीच्या डोक्याएवढ्या पानांवर थेंब आले आणि ती एकटीच स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून रडली.

मग घास. आईचे बाकीचे कपडे रीतीप्रमाणे धुऊन, वाटून झाले होते. राहिला होता तो दाराच्या खुंटीवरचा निळ्या फुलांचा गाऊन, न धुतलेला. बियांसोबत रोपवाटिकेने दिलेल्या अर्जावर प्रश्न होता, हे वस्त्र मृत व्यक्तीखेरीज आणखी कुणी वापरलं आहे का? शर्वरीने क्षणाचाही विचार न करता ‘नाही’ लिहिलं. हातमोजे घातले, तोंडाला मास्क बांधला, गाऊनची शिवण झटकली, धूळ चिमट्याने उचलली आणि दर तिसऱ्या दिवशी एक असे सात घास रोपांना भरवले.

दोन महिने होऊन गेल्यावर तिने ताट बाबांच्या पलंगाशेजारच्या खिडकीत ठेवलं. बाबांनी मान वळवली. बराच वेळ ते खिडकीकडे बघत राहिले, चेहरा सैल झाला आणि ते म्हणाले, भूक लागलीय. आमटीभात खाल्ला, वर ताक मागितलं. शर्वरी वाढत होती आणि नजर बाबांवरच असल्याने आमटी चादरीवर सांडत होती. तिने मनातल्या मनात आईचे पाय धरले.

महिन्याभरात बाबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेव्हा कोल्हापूरहून कुंदामावशी आली, मेधाची धाकटी बहीण. तिने रिवाजाप्रमाणे खिडकीपाशी जाऊन श्वास घेतला. डोळे उघडले, पुन्हा घेतला.

“हा काही ताईचा वास नव्हे,” ती म्हणाली. “हा तुझा गं, शरू. लहानपणी न्हाऊमाखू घातलंय मी तुला. मला कळत नाही होय?”

शर्वरीने हसण्यावारी नेलं, पण दुसऱ्या दिवशी एक पान कुपीत घालून रोपवाटिकेत गेली. सरनोबतबाईंनी ते यंत्रात घातलं, शर्वरीच्या कानामागून कापूस फिरवून तोही घातला, आणि पडद्यावर दोन रेघा एकावर एक बसल्या.

“तुमच्या आईंचा गाऊन तुम्ही कधी घातला होता?” बाईंनी विचारलं.

आता काय सांगायचं! माहेरी आलेली कुठली मुलगी आपली बॅग उघडते? ती आधी आईचं कपाट उघडते. वीस वर्षं शर्वरी साताऱ्यात उतरली की पहिल्या पाच मिनिटांत आईचा गाऊन अंगात. आईच्या शेवटच्या आजारपणात आई दवाखान्याच्या कपड्यांत होती आणि गाऊन शर्वरीच्या अंगावर होता, दोन महिने, रात्रंदिवस. आई गेल्यावर तर ती तो काढायलाच तयार नव्हती. पण तो ‘आईचा गाऊन’ होता. आपण तो वापरला असं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

“म्हणजे माझे बाबा आईसाठी जेवत नाहीयेत?” तिने विचारलं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “तुमच्यासाठी जेवतायत. तुम्हाला ओळखून.”

शर्वरी घरी परतली ती तरंगत. खोटं कशाला बोला, तिला आनंद झाला होता, आईची क्षमा मागावी इतका आनंद. घर सोडून गेलेली मुलगी ती. बाबांच्या मनात आपण कुठे असू, असलो तरी कुठल्या कोपऱ्यात, हे कोडं तिला वीस वर्षं पडलेलं होतं. आणि बाबा तर तिच्याच नुसत्या वासावर जगत होते. ती पर्स न काढताच त्यांच्या खोलीत शिरली, पलंगाच्या कडेला बसली आणि त्यांचा हात हातात घेतला. “बाबा, मी शर्वरी.”

बाबांनी हात अलगद सोडवून घेतला आणि सरकून तिला जागा करून दिली. मग खिडकीकडे वळून, आवाजात कौतुक भरून ते म्हणाले, “शरू, पाहुण्या आल्यात बघ. पाणी आण गं यांना.”

खिडकीत ऊन पडलं होतं. थेंब चमकत होते. बाबा वाट बघत होते. शेवटी शर्वरीच उठली, आत जाऊन पेला भरून आणला आणि त्यांच्यासमोर बसून ते पाणी प्यायली.

सरनोबतबाईंना तिने फोन केला आणि घडलं ते सांगितलं. मग त्या समजावून सांगू लागल्या. नाकाला एखाद्या वासाची सवय झाली की तोच वास फिका असेल तर नाक त्याची दखल घेत नाही. अत्तराच्या दुकानात फुलाचा वास कुणाला येतो? खोलीत शर्वरीचा शंभरपट दाट वास भरून राहिला आहे. खरी शर्वरी त्यात शिरली की तिचा स्वतःचा वास त्यात बुडून जातो. बाबांच्या लेखी त्यांची मुलगी खिडकीपाशी आहे. आणि समोर बसते ती बाई बिनवासाची, म्हणजे जगातली सगळ्यात परकी.

“रोप काढून टाकलं तर?” शर्वरीने विचारलं.

“मग काही आठवड्यांनी कदाचित तुमचा वास त्यांना पुन्हा येऊ लागेल. कदाचित. तोवर ते जेवतील की नाही, ते मी सांगू शकत नाही.”

शर्वरीने काढून बघितलं. ताट मावशीबरोबर कोल्हापूरला पाठवलं, साबण बंद केला, तीन दिवस अंघोळ केली नाही, बाबांच्या उशाशी बसून राहिली. बाबांनी घास घेतला नाही. मुलगी बाहेर गेलीय, ती आल्यावर बरोबरच बसतो, असं ते नम्रपणे सांगत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांना उठून उभं राहता येईना. शर्वरीने मावशीला फोन केला आणि मावशी ताट मांडीवर घेऊन मिळेल त्या गाडीने परत आली. कुंडी खिडकीत गेली तशी बाबांनी त्याच संध्याकाळी दोन पोळ्या खाल्ल्या.

आता दर शनिवारी शर्वरी रोपांना जेवू घालते. गाऊनमधली धूळ संपून गेली. ती दंडावर खरखरीत कापड घासते, कागदावर पांढरी पूड पडते, ती चिमट्याने एकेका पानावर ठेवते. पानं वळतात, मिटतात, दोन दिवसांनी उघडतात तेव्हा तिथे काही उरलेलं नसतं. वास अधिक दाट होतो. कधीकधी त्या खोलीत पाऊल टाकताना तिला वाटतं, आत कुणीतरी आधीच बसलेलं आहे आणि आपण न विचारता आलोय. तिने त्या खोलीत गाणं गुणगुणणं सोडून दिलंय. आरशासमोर उभी राहिली की ती नकळत मनगट नाकाशी नेते. तिथे तिला कसलाच वास येत नाही.

कालच्या दुपारी बाबांनी सगळं ताट संपवलं. वांग्याची भाजी पुन्हा मागून घेतली, बोटं चाटली. मग पाठीला उशी घेऊन ते शर्वरीशी गप्पा मारायला लागले. आपुलकीने, शेजाऱ्यापाजाऱ्याशी बोलावं तसे.

“आमची शरू पुण्याला होती, वीस वर्षं,” ते म्हणाले. “आता आलीय कायमची. माझ्याजवळून हलत नाही बघा. फार बोलत नाही, पण असते.” त्यांचे डोळे भरून आले होते. इतका सुखी माणूस शर्वरीने त्या घरात कधी पाहिला नव्हता. “तुम्ही रोज येता, करता, उपकार आहेत तुमचे. पण एक विचारू का? तुमचे वडील आहेत?”

“आहेत,” शर्वरी म्हणाली.

“मग इथे कशाला वेळ घालवता हो? त्यांच्याकडे जा. या वयात माणूस दाराकडे कान लावून बसलेला असतो. माझंही तसंच होतं, ही येईपर्यंत.”

शर्वरी मान खाली घालून ताट, वाटी, पेला गोळा करत राहिली. बाबा तिच्या उत्तराची वाट बघत होते. ते मिळाल्याशिवाय त्यांना चैन पडणार नाही हे तिला दिसत होतं. पाहुण्या बायका निघताना म्हणतात तसं ती “येते हं” म्हणाली आणि दार हलकेच ओढून घेऊन रात्रीच्या भाताचे तांदूळ निवडायला आत गेली.