जीपमधली सवत

पटत नसंल तर नका मानू. माह्या डोयानं पाह्यलं, तेच सांगते.

सन चौसष्टचा चैत. अकोट-अकोला सडक. भर दुपार.

माह्ये मालक उत्तमराव, मिलिटरीत ड्रायव्हरायचे उस्ताद. त्यायचे दोन जवान गाडी चालवता चालवता गप्पायच्या नादात मेले. तवापासून ते सगळ्यायले एकच शिकवत, "नजर सडकेवर. बाजूले बायको बसली तरी पाह्याचं नाही."

मी त्यायची दुसरी बायको. पहिली ललिता, बाळंतपणात गेली. आमच्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक दुसरीनं गयात घालाची रीत. म्याबी घातला. जितेपणी पाह्यली नाही, अन् मेल्यावर माह्या उरावर बसली!

सुटीवर आले की हे अकोल्याच्या दोस्ताची, वामनरावायची, जुनी जीप आणत. मी बाजूले. नवं लुगडं, केसात मोगरा.

एकदाबी मान वळली नाही.

"काहून जी, बाजूले ज्वारीचं पोतं ठेवलं का?"

"ललिता वळू देत नाही," ते हसून म्हणाले.

मले हसू आलं नाही. त्यायच्या गालावर... चार बोटं उमटले होते. कोणी तोंड समोर दाबून धरल्यावानी.

अन् गयातला टाक... बर्फावानी थंड.

भेव नाही वाटलं, खोटं काहून बोलू? जळफळाट झाला. नवरा माहा, अन् गालावर बोटं तिचे?

सुटी सरली. त्यायले रेल्वेवर सोडाले मीबी जीपमध्ये बसली. पूर्णेच्या पुलावर म्या टाक तोडला अन् नदीत भिरकावला.

पाणी... वाजलंच नाही.

त्यायच्या गालावरचे बोटं मिटले. मान वळली.

लग्नाले तीन वर्षं झाले होते. गाडीत पह्यल्यांदा ते माह्याकडं पाहून राह्यले होते!

"अवं, मोगरा घातला का?"

बाप्पा, काय सांगू! मी हरखून गेली. पूल सरला. सडक सुटून राहिली, हे मले दिसत होतं. तरी मी "समोर पाहा" म्हणाली नाही.

मंग माह्या हनुवटीले... थंडगार बोटं लागले.

माह्यं तोंड जोरात फिरवलं. समोर बाभूळ. म्या डोयावर हात घेतले.

मले खरचटलंबी नाही. ते जाग्यावरच गेले.

सासूबाई पार्बताबाई म्हणत, "ललिताले तुही दया आली असंल."

दया कशाची, माय! त्यायले घेऊन गेली अन् मले इथं ठेवलं. साठ वर्षं झाले, मी अजून जळून राहिली.

मराचं भेव नाही मले. वर गेल्यावर ते कोणाच्या बाजूले बसलेले दिसतील, त्याचं भेव वाटते.