एकतीस पानांची चोरी

"माझ्या घरात रोज चोर येतो," म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आणि वर माझ्यावर उपकार करून जातो."

वहिनींनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या कचेरीत रडत येणारे येतात, तणतणत येणारे येतात, नवऱ्यावर पाळत ठेवा म्हणणाऱ्या तर दिवसाआड येतात. असा अशील मात्र पहिलाच.

वहिनी हे काही त्यांचं नाव नव्हे. ही डिटेक्टिव्ह कचेरी त्यांच्या नवऱ्याने थाटलेली. पाच वर्षांपूर्वी तो गेला. मागे राहिल्या त्या आणि धाकटा दीर. दीर गाडी चालवतो, बॅग उचलतो आणि दिवसभर "वहिनी, वहिनी" करतो. ते ऐकून ऐकून अशीलही तेच म्हणू लागले. दिराला त्या भाऊजी म्हणतात. भाऊजी मनाने सोनं. डोकं मात्र जरा निवांत चालतं.

"काय चोरतो तो?" वहिनींनी विचारलं.

"मी लिहिलेली पानं."

म्हाताऱ्यांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. सगळी इमारत त्यांना प्रूफकाका म्हणते. बायको असताना रात्री जेवताना तिला दिवसभराचं सांगायची सवय. चार वर्षांपूर्वी ती गेली. दोन ताटांचं एक झालं, पण सांगायची सवय कुठे जाते? म्हणून रोज रात्री कॉम्प्युटरवर एक पान लिहायचं आणि छपाईचं बटण दाबून झोपायचं.

"सकाळी उठून ते पान लाल पेन्सिलीने तपासायचं आणि फाडून टाकायचं. बस."

"रात्रीच का नाही वाचत?"

"छे हो! लिहिलेलं त्याच दिवशी तपासायचं नसतं. चुका दिसतच नाहीत. डोळे ताजे लागतात." काकांनी हे असं सांगितलं, जणू लहान पोरालाही ठाऊक असावं. "प्रिंटर बाहेरच्या खोलीत असतो. झोपताना मी कानातलं यंत्र काढतो. सकाळी बघतो तर पान गायब! एकतीस दिवस झाले. कॉम्प्युटर सांगतो छपाई झाली. मग पान जातं कुठे?"

"आणि उपकाराचं काय?"

"एका पानात लिहिलं होतं, जिन्यातला दिवा गेलाय, उतरताना भीती वाटते. दोन दिवसांत नवा दिवा! मग लिहिलं, पेपर उचलायला वाकवत नाही. दुसऱ्या दिवसापासून पेपर दाराच्या कडीला अडकवलेला. मग एकदा लिहिलं की बायको चार वाजता रेडिओ लावायची, आता घरात चार वाजतच नाहीत. तेव्हापासून रोज चारला भिंतीपलीकडून रेडिओ ऐकू येतो."

भाऊजींच्या हातातला चहा तसाच राहिला. "भूत!" ते पुटपुटले.

"पुतण्या म्हणतो, काका, तुम्हीच पानं फेकता, तुम्हीच दिवा लावता आणि विसरता. वृद्धाश्रमाचा अर्ज भरून ठेवलाय त्याने. उद्या सोमवारी सही करायची." काकांनी वहिनींकडे पाहिलं. "माझं डोकं ठिकाणावर आहे एवढं सिद्ध करून द्या. मला माझं घर सोडायचं नाही. तिथे मी कुणाला काय सांगणार?"

"आमचा पत्ता कुणी दिला?"

काकांनी खिशातून कार्ड काढलं. "परवा पेपरच्या घडीत सापडलं."

वहिनींनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. कार्ड जुनं होतं, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यावर नाव त्यांच्या नवऱ्याचं होतं.

"आम्ही पेपरात कार्डं घालत नाही," त्या म्हणाल्या. "भाऊजी, गाडी काढा."

घर दुसऱ्या मजल्यावरचं, दोन खोल्यांचं. स्वयंपाकघरात नळ टप टप गळत होता. बाहेरच्या खोलीत खिडकीशी प्रिंटर, त्याच्यावर निळा दिवा लुकलुकत होता. कोपऱ्यात इंटरनेटचा पांढरा डबा.

"किती छान लुकलुकतोय," भाऊजी म्हणाले.

"कौतुक नंतर. खालचा कप्पा ओढा आणि कागद मोजा."

भाऊजींनी जीभ बाहेर काढून, दोनदा चुकून, शेवटी मोजले. "साठ. सगळे कोरे."

वहिनींनी वहीत लिहिलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. तिथे कामाच्या ताई भांडी घासत होत्या. घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते.

"मी कशाला नेऊ कागद?" ताई भडकल्याच. "मला कॉम्प्युटरचं ओ की ठो कळत नाही. काका बोलतात ते ऐकते, तेवढं पुरे आहे मला. महिनाभर या नळाचं ऐकतेय. रोज तेच, नळ गळतो, नळ गळतो. त्यांच्या पुतण्याला मी चारदा सांगितलं."

"काका, नळाचं पानात लिहिलंत कधी?" वहिनींनी वळून विचारलं.

"नाही बुवा. असल्या रडगाण्याने पान कशाला खराब करू?"

तेवढ्यात पुतण्या आला. हातात अर्जाची फाईल, नजर घड्याळावर. दुसरी किल्ली त्याची. घर पुढे त्यालाच मिळणार, हे वेगळं सांगायला नको. भाऊजींनी त्याच्याकडे असं रोखून पाहिलं, की बिचारा गोंधळला.

"मी चोर नाही," तो म्हणाला. "दमलोय मात्र. दर रविवारी दोन तास गाडीचा प्रवास करून येतो. काकांना काही झालं तर माझ्या कानावर यायलाच दिवस जाईल. रात्री झोप लागत नाही मला."

"प्रिंटर तुम्ही आणलात?"

"हो. शेजारच्या बाईंनाही हवा होता, म्हणून एकसारखे दोन आणले. सुरुवातीला झकास चालला. मग महिन्याभरापूर्वी इंटरनेटचा डबा बदलला आणि प्रिंटर रुसला. मी कॉम्प्युटरवर पुन्हा जोडून दिला. यादीत नाव दिसलं, निवडलं, चाचणीचं पान पाठवलं, 'छपाई झाली' असं आलं. गाडी चुकत होती, पळालो."

"चाचणीचं पान हातात घेतलंत?"

"नाही... पण दिवा लुकलुकत होता की! कागदही भरले होते मी, साठ. कप्प्यात तेवढेच मावतात."

"नंतर कुणी भरले?"

"मी नाही," पुतण्या म्हणाला. काकांनीही मान हलवली.

शेवटी शेजारचं दार. उघडलं ते काकांपेक्षा थोड्या लहान बाईंनी. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. घर इतकं टापटीप, की कुणीतरी येणार असावं असं वाटावं. कुणी येत नसे, हे एकाच खुर्चीच्या झिजलेल्या गादीवरून कळत होतं. टेबलावर तसाच प्रिंटर, शेजारी कागदांचा फोडलेला गठ्ठा.

"ह्यांचा दिवा बघा," भाऊजी वहिनींच्या कानाशी कुजबुजले. "लुकलुकतच नाही. बिघडला वाटतं."

"काकांशी बोलणं होतं का तुमचं?" वहिनींनी विचारलं.

"जिन्यात दिसले तर, बरे आहात ना, एवढंच. हां, तो नवा डबा आला तेव्हा त्यांचं नेट चालेना. पुतण्याने एका दिवसापुरता माझा पासवर्ड मागितला. दिला."

"तुम्ही बरंच छापता?"

"मी? छे. कधीतरी विजेचं बिल." बाईंनी पदराने कपाळ टिपलं. उकडत तर मुळीच नव्हतं.

वहिनींनी पाणी मागितलं, प्यायल्या, उठल्या. "भाऊजी, तुम्ही इथेच बसा जरा. बाईंशी गप्पा मारा. आणि काहीही झालं तरी त्या प्रिंटरवरची नजर हलवू नका."

काकांच्या घरी सगळे बाहेरच्या खोलीत उभे राहिले. ताई ओल्या हातांनीच आल्या.

"काका, कॉम्प्युटरवर एक ओळ लिहा आणि छापा."

"आत्ता? भर दिवसा?"

"आत्ता."

काकांनी 'आज रविवार' एवढंच लिहिलं, बटण दाबलं. 'छपाई झाली' असं आलं. सगळ्यांनी प्रिंटरकडे पाहिलं. तो ढिम्म. दिवा तेवढा लुकलुकत राहिला.

आणि भिंतीपलीकडून खर्र, खर्र असा आवाज आला.

मग धावती पावलं, आणि दारात भाऊजी. चेहऱ्यावरचा रंग उडालेला, हातात कागद. "वहिनी! कुणी हात लावला नाही, काही नाही, आपोआप आलं! 'आज रविवार'!"

काका मटकन खुर्चीत बसले.

"चोरी झालीच नाही," वहिनी म्हणाल्या. "या घरात कुणी आलंच नाही. उपकार आठवा. जिन्यातला दिवा, दाराबाहेरचा पेपर, भिंतीपलीकडचा रेडिओ. सगळे उंबऱ्याच्या बाहेरचे. किल्ली असलेल्या माणसाने आधी घरातला नळ नीट केला असता. पण नळ गळतच राहिला, कारण काका त्याबद्दल नुसते बोलले, लिहिलं नाही. म्हणजे उपकार करणाऱ्याला काकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. त्याला फक्त पानं मिळत होती."

"पण कशी?" पुतण्याने विचारलं.

"कप्प्यात साठ कागद होते. एकतीस रात्रींनंतरही साठच आहेत. या प्रिंटरने महिनाभर एकही पान छापलेलं नाही. तुम्ही डबा बदललात. प्रिंटरला नवा पासवर्ड कुणी सांगितलाच नाही, म्हणून तो जुना डबा शोधत लुकलुकत बसला. जोडलेल्या प्रिंटरचा दिवा स्थिर असतो, शेजारच्यासारखा. भाऊजी, तो बिघडला नव्हता."

भाऊजींनी मान खाली घातली.

"कॉम्प्युटर मात्र एका दिवसापुरता शेजारच्या नेटवर गेला, तो आजतागायत तिथेच आहे. तिथे यादीत दिसला शेजारचा प्रिंटर. त्याच कंपनीचा, त्याच नावाचा. तुम्ही तोच निवडलात आणि पान न बघताच गाडी पकडलीत. काकांनी लिहिलेलं त्याच दिवशी बघायचं नाही हा छापखान्यातला चाळीस वर्षांचा शिरस्ता पाळला आणि बटण दाबून झोपी गेले. छपाई होताना एक रात्र जरी ते जागे राहिले असते, तरी पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता."

"म्हणजे माझं डोकं..." काका म्हणाले.

"तुमचं डोकं माझ्या दिरापेक्षा ठणठणीत आहे. आणि एक राहिलं. आम्हाला इथे बोलावलं तेही चोरानेच. कडीला पेपर अडकवतो तोच हात, त्याच पेपरात कार्ड. हो ना, बाई?"

शेजारच्या बाई केव्हाच दारात येऊन उभ्या होत्या. छातीशी एक फाईल धरलेली.

"तुमचे मिस्टर एक्स्चेंजमध्ये कार्डं ठेवून गेले होते," त्या वहिनींना म्हणाल्या. "लाईन जोडून दिली की आभार मानणारा तो एकच माणूस. म्हणून जपलं होतं." मग त्यांनी काकांकडे पाहिलं. "पहिलं पान आलं तेव्हा घाबरले. तिसऱ्या ओळीत कळलं कुणाचं ते. तेव्हाच द्यायला हवं होतं. रोज ठरवायचे, उद्या देते. आणि उद्या नवं पान यायचं. आयुष्यभर लोकांच्या लायनी जोडल्या, एकदाही चोरून ऐकलं नाही हो मी. पण रोज रात्री त्या पानाची वाट बघायला लागले. दुसरं कुणी काही सांगतच नव्हतं मला. गेल्या आठवड्यात वाचलं, सोमवारी तुम्ही वृद्धाश्रमाच्या अर्जावर सही करणार. तीनदा तुमच्या दारापर्यंत आले. तोंडच उघडेना."

काका संतापले होते. "ते माझ्या बायकोसाठी होतं! परक्या माणसासाठी नव्हतं!"

"नव्हतं," बाई म्हणाल्या. त्यांनी फाईल टेबलावर ठेवली. एकतीस पानं, तारखेनुसार लावलेली, एकही चुरगळलेलं नव्हतं.

पुतण्याने अर्ज काढला, दोनदा फाडला आणि तुकडे खिशात कोंबले. "चुकलं माझं, काका," तो म्हणाला. "फोन करत जाईन. रोज. आणि नळाचं आजच बघतो."

वहिनी प्रिंटरशी बसल्या. बटण दाबून धरलं, नव्या डब्याचा पासवर्ड घातला, काकांचा कॉम्प्युटर त्यांच्या स्वतःच्या नेटवर आणला. पाच मिनिटांचं काम. दिवा स्थिर झाला. चाचणीचं पान या वेळी याच खोलीत बाहेर पडलं.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता तुमचं पान तुमच्याच घरात येईल."

बाईंनी त्या पानाकडे पाहिलं, मान हलवली आणि त्या परत फिरल्या. जिन्यात भाऊजी नाक शिंकरत होते. वहिनींनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. घरी जाऊन दिवसभराचं सांगावं असं त्यांनाही कुणी उरलं नव्हतं.

"थांबा," काका म्हणाले.

बाई थांबल्या.

काकांच्या हातात फाईल होती. उघडलेली नव्हती. रागाने लाल झालेला चेहरा अजून उतरला नव्हता, पण आवाज भलताच लहान झाला होता. "जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासलं मी. माझं कुणी वाचलं नाही कधी. कंटाळा नाही आला वाचताना?"

"एकेक पान दोनदा वाचलंय," बाई म्हणाल्या. "काही काही तीनदा."

काकांनी पायाने समोरची खुर्ची जराशी पुढे सरकवली.

"आजचं अजून लिहिलं नाही. बसा. तोंडीच सांगतो."

बाई बसल्या.

"सकाळी उठलो," काका म्हणाले, "तेव्हा एक चप्पल सापडत नव्हती."