खडूच्या खुणा

तो पहिल्यांदा शिवणाच्या दुकानात आला तो चक्क पँट हातात धरून. म्हणजे अंगावरचीच पँट, कमरेपाशी मुठीत आवळलेली! बाहेर सकाळपासून चिरचिर पाऊस, अंगात शिरणारा गारठा, आणि हा दारात उभा — एका हातात छत्री, दुसऱ्या हातात अब्रू.

"कंबर आत घ्यायची आहे," तो म्हणाला. "पट्ट्याला भोक पाडायला जागाच उरली नाही हो."

हसायचं नाही म्हणून टेप घेऊन उभ्या पोरीनं ओठ चावले... पण हसू फुटलंच. शिवणयंत्रामागून आत्यानं डोळे वटारले. दुकान आत्याचं, भाची तिच्याच हाताखाली तयार झालेली. गिऱ्हाइकाला हसलेलं आत्याला खपत नसे.

टेप कमरेभोवती गेला तसा तो दचकला. "डावीकडे जपून हं. तिथे मी रोज सुई टोचतो. इन्सुलिन. शाळेत होतो तेव्हापासून."

"अगंबाई! दुखत नाही?"

"आता तिथे काही कळतच नाही. म्हणून तर तिथेच टोचतो."

हे तो इतकं हसत बोलला, की तिला गलबलून आलं.

पलीकडच्या गल्लीत त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. तो तिला मास्तर म्हणू लागला, ती त्याला घड्याळजी. मग काय, तिच्या मनगटावरचं धडधाकट घड्याळ दर आठवड्याला बिघडायला लागलं.

"मास्तर, याला काहीएक झालेलं नाही."

"नीट बघा ना. हळू चालतं."

"कधी?"

"तुम्ही भेटेपर्यंत..."

त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. दोघांनी मिळून शोधला, आणि शोधायला मुद्दाम वेळ लावला. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

पण तो वाळतच चालला होता. डोळ्यांपुढे काळे ठिपके यायला लागले, आणि घड्याळवाल्याचे डोळे म्हणजे त्याचा जीवच की! नव्या डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि सांगितलं, की एकाच जागी टोचून आत गाठ झाली आहे. औषध तिथेच अडकतं, साखर बेफाम राहते. इन्सुलिन बदललं, जागा रोज बदलायची ठरली. ताज्या जागी औषध पुरतं लागू होणार, म्हणून डोसही बराच कमी केला.

"ती जागा आईनं दाखवली होती," तो खिन्नपणे म्हणाला. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

तिनं खिशातून कापडावर खुणा करायचा खडू काढला. "शर्ट वर कर."

"कापणार आहेस?"

"बेततेय. आज इथे... उद्या इथे... हलू नकोस रे!"

गुदगुल्यांनी तो हसत सुटला. तीही हसली, आणि खडू तिथेच टेकलेला राहिला.

आत्याला हे कळायला वेळ लागला नाही. "पोरी, उद्या त्याचे डोळे गेले तर? सुयांमध्ये आयुष्य घालवशील."

"आपल्या घरी सुया काय कमी आहेत, आत्या?"

आत्या हसली नाही.

एका ढगाळ दुपारी ती त्याच्यासाठी डबा घेऊन गेली. तो घड्याळावर वाकलेला. "जेवलास?" तिनं विचारलं.

त्यानं मानही वर केली नाही. "दया करायला आलीस? नकोय मला. निघ... पुन्हा येऊ नकोस."

तिच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. डबा तिथेच आपटून ती तरातरा निघाली. रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत रडत गेली आणि तिथे थबकली. एवढ्या थंडीत त्याच्या कपाळावरून घाम कसा ओघळत होता? साखर एकदम उतरली असणार!

ती धावत परतली. तो टेबलावर कलंडला होता. डोळे उघडे, पण त्यांत ओळख नव्हती. तिनं खणातली ग्लुकोजची पूड पाण्यात घोळली, पेला ओठांना लावला. "गीळ... गीळ म्हणते ना!"

तो गिळत गेला. हळूहळू तोंडावर रंग आला.

"टोचून जेवायला बसणार होतो," तो पुटपुटला. "बोटांनी सवयीनं इन्सुलिनचं पेन डोसच्या जुन्याच आकड्यापर्यंत फिरवलं. मी बघितलंसुद्धा नाही..." मग घाबरून म्हणाला, "तुला काही बोललो का?"

नाही म्हणणं सोपं होतं. "बोललास," ती म्हणाली, आणि शब्दन् शब्द सांगितला.

त्यानं पेला खाली ठेवला. "तो तुसडेपणा माझा नव्हता. पण बाकीचं... ते रोज मनात असतं. डोळे गेले तर घड्याळं गेली. तुला कशाला त्यात अडकवू? दयेवर जगवत नाही गं मला."

"दया?" ती उसळलीच. "अरे, मी चिडून निघून गेले होते! कोपऱ्यापर्यंत तुला शिव्या घालत गेले. दया करणारी माणसं अशी चिडतात होय? प्रेम आहे माझं, गाढवा!"

त्यानं तिचा हात धरला. हात अजून गारच होता त्याचा.

डोळ्यांचं पुढे काय होईल, ते डॉक्टरही सांगत नाहीत. ठिपके वाढले आहेत. पण दुपारी तो जेवायला आता शिवणाच्या दुकानात येतो. पडद्याआड जातो, पेन फिरवतो, डोळ्यांजवळ नेतो आणि आकडा मोठ्यानं वाचतो. तेवढा वेळ ती यंत्र थांबवते.

आत्याचं यंत्र तिच्याही आधी थांबलेलं असतं.